अप्पांना ऐकू जाईल असं वाच

११ जानेवारी, रविवार
जॉर्जटाऊन, पेनांग

दाजी, लखनचा रामराम घ्या.

तुम्ही माझा फोन घेत नाही, अक्कानं तिचा तुमच्या हातात दिला तरी कानाला लावत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. पानांचे फोटो काढून रोहिणीला पाठवतो. ती शनिवारी बीडहून वाडीला आली की ओसरीत बसून वाचेल. रोहिणी, तुझ्या अप्पांना ऐकू जाईल असं वाच. ते उठून मेंढरांकडे गेले तर थांब, परत आले की पुन्हा सुरू कर. मामाचं एवढं काम कर, येताना तुला काहीतरी आणतो.

बिरोबाच्या शिखराची भानगड झाली त्याला येत्या पावसाळ्यात सहा वर्षं होतील. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. तो विषय आज काढत नाही. आज नुसती खुशाली.

तर मी पोचलो. पेनांग हे मलेशियाचं एक बेट आणि जॉर्जटाऊन हे त्यावरचं जुनं बंदर. आमच्या पुण्याच्या कंपनीला इथल्या एका जुन्या दुकानघराच्या दुरुस्तीचं काम मिळालंय आणि चुन्याचा गिलावा करणारा माणूस पाहिजे होता, म्हणून तीन महिने मी. साहेबांनी विचारलं, चुना कोणाकडून शिकलास? मी तुमचं नाव सांगितलं. मेंढरं राखता राखता लिंबागणेशच्या बाजूला एका म्हाताऱ्या गवंड्याच्या नादी लागलेला धनगर, माझ्या बहिणीचा नवरा, असं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, मग त्यांनाच का नाही आणलं? मी चहाचा कप तोंडाला लावला.

इथली घरं तुम्ही बघायला पाहिजेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. रस्त्यावरून बघाल तर एवढंसं तोंड, बैलगाडी आडवी लावली तर दार झाकेल. आत शिरलात की घर संपतच नाही. मधे आभाळाला उघडा चौक, त्यात पाऊस सरळ घरात पडतो आणि त्याचं यांना कौतुक. फरशीवर रंगीत फुलं, शंभर वर्षांची, अजून पाय घसरेल इतकी गुळगुळीत. आणि सगळ्यांत मजा म्हणजे प्रत्येक घरापुढं पाच फुटांची ओसरी. जागा घरमालकाची, पण जायचा-यायचा हक्क कोणाचाही. या टोकाला शिरलं की उन्हापावसात डोकं न भिजवता त्या टोकाला निघायचं. आपल्या वाडीत असं केलं असतं तर पहिल्याच दिवशी प्रत्येकानं बाज आडवी टाकली असती.

जेवणाचं म्हणाल तर सगळं रस्त्यावर. एका गाडीवर तांदळाच्या चपट्या पट्ट्या कोळंबी आणि अंडं घालून परततात. जाळ एवढा की कढईतून भडका वर येतो. पण तो माणूस एका वेळी एकच ताट करतो. समोर दहा जण उभे असोत, एकच. मी म्हटलं, एकदम चार ताटांचं का टाकत नाही? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला एकदम तुमचीच आठवण झाली.

भिंतीचं काम झकास चाललंय. काळजी नसावी.

लखन


२५ जानेवारी, रविवार

दाजी, रामराम.

रोहिणीचा निरोप आला. पत्र वाचत होते तेव्हा अप्पा ओसरीत दोरी वळत बसले होते, उठून गेले नाहीत, असं तिनं लिहिलंय. अक्काचं म्हणणं, पत्र संपेपर्यंत दोरी वीतभरही पुढं सरकली नव्हती. अक्का उगीच काहीतरी बघते, तुम्ही लक्ष देऊ नका.

इथं मला एक माणूस भेटलाय. आमच्या दुकानघराची जुनी भिंत मुळात विटांची आणि चुन्याची. त्यावर चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी सिमेंटचा जाड थर चढवला. मग जे व्हायचं तेच झालं. आतली ओल बाहेर यायला जागा नाही, विटा आतल्या आत कुजल्या, बोट लावलं की भुगा. ते सिमेंट छिन्नीनं काढायचं काम आधी. पहिल्याच सकाळी एक म्हातारा प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, चिनी, अंगात बनियन, हातात स्वतःची छिन्नी. नाव ओंग. मी त्याला ओंग काका म्हणतो. मोबाईलमध्ये तो त्याच्या भाषेत बोलतो आणि मोबाईल मला हिंदीत सांगतो.

मोबाईलनं सांगितलं, “हे सिमेंट मीच लावलं होतं. तेव्हा वाटलं, भिंत जन्माची पक्की झाली. चुकलो.”

आणि म्हातारा हसला. घराची मालकीणबाई शेजारीच उभी होती. तिनं त्याला कॉफी दिली!

दाजी, कोणी विचारलं नव्हतं हो त्याला. लावणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊकही नव्हतं. मी तीन वेळा मोबाईलला विचारलं, नीट ऐकलंस ना? आता रोज सकाळी तो तासभर स्वतःचंच सिमेंट ठोकून काढतो, घाम पुसतो आणि मला खायला घेऊन जातो.

काल त्यानं मला एका गल्लीत नेलं. कोपऱ्यावर गाडी, भोवती ही गर्दी, सगळे उभ्यानं वाटी तोंडाला लावून. वाटीत किसलेला बर्फ, नारळाचं दूध, उकडलेला राजमा, त्यात हिरव्यागार शेवया सोडलेल्या आणि वरून काळपट गुळाचं पाणी. याला चेंडोल म्हणतात. हिरवा रंग बघून मी आधी वाटी लांबच धरली. एक घोट घेतला आणि दुसरी वाटी मागितली. गूळ ताडाचा. त्याचा वास आला आणि मला आपलं चुन्याचं टाकं आठवलं, तुम्ही गूळ आणि बेलफळाचं पाणी ओतायचात ते. ओंग काका म्हणाले, त्यांच्या आधीचे गवंडीही म्हणे हाच गूळ चुन्यात घालायचे आणि चुना समुद्रातले शिंपले भाजून करायचे. एवढ्या लांब, समुद्रापलीकडं, चुन्यात गूळ! कोणी कोणाला शिकवलं असेल? त्या हिरव्या शेवया कशाच्या असतात ते मात्र विचारायचं राहिलं.

लखन


८ फेब्रुवारी, रविवार

दाजी,

पहिल्या पत्रात भिंतीचं काम झकास चाललंय असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

मी भिंतीवर गिलाव्याचे दोन नमुने थापले आणि दोन्ही तडकले. केसासारख्या बारीक भेगा, सगळीकडं. का तडकले तेही मला माहीत आहे. खालचा हात पुरता वाळायच्या आत वरचा मारला. चिनी नवीन वर्ष सतरा तारखेला आहे, त्याआधी समोरची बाजू देखणी दिसायला पाहिजे असं वरून सांगणं आलंय. परवा आमच्यातला एक तरुण इंजिनीअर हळूच म्हणाला, लखनभाऊ, अस्तरात थोडं सिमेंट टाका ना, कोणाला कळणार आहे? चांगला पोरगा आहे. त्यानं सहज सांगितलं. माझ्या हातातली थापी तशीच राहिली.

मी नाही म्हटलं. एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

काम बंद ठेवून मी ओंग काकांबरोबर त्यांच्या कुळाच्या देवळात गेलो. एकाच आडनावाच्या लोकांनी बांधलेलं, आपल्याकडं भावकीचं असतं तसं. छपरावर साप, फुलं, घोड्यावरचे सरदार, सगळे फुटक्या वाट्यांचे. खरंच सांगतो, रंगीत चिनी वाट्या मुद्दाम फोडायच्या, पक्कडीनं एकेक पाकळीएवढा तुकडा कातरायचा आणि ओल्या चुन्यात बसवायचा. एका सरदाराच्या दाढीलाच चाळीस तुकडे मी मोजले. मान अवघडली तरी खाली बघवेना. आत काकांनी उदबत्ती लावली, डोळे मिटून उभे राहिले आणि लगेच बाहेर येऊन मला मासळीच्या आंबट रश्श्यातल्या शेवया खाऊ घातल्या. चिंच अशी सणसणीत की अक्काची आमटी झक मारेल. अक्का, रागावू नकोस.

देवासमोर इतक्या मोकळ्या मनानं उभा राहणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी बघितला. पुढचं लिहायला बसलो होतो, पण आज जमत नाही.

लखन


२२ फेब्रुवारी, रविवार

दाजी,

आज खाण्याचं काही नाही. काकांनी नवीन वर्षाची दोन संत्री दिली, ती समोर ठेवून लिहितोय.

रोहिणी, हे पत्र वाचताना दार लावू नकोस. कोणी ऐकलं तर ऐकू दे.

शिखराचं काम आपण दोघंच करत होतो. तुम्ही सोयऱ्याच्या लग्नाला दोन दिवस सिरसाळ्याला गेलात. जाताना म्हणालात, “अस्तर वलं हाय. वाळू दी. हात लावू नको.” पण अर्जुनरावांनी कळस चढवायची तारीख काढली होती. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, देवळाच्या कमिटीचे प्रमुख, रोज येऊन विचारायचे, झालं का? मला वाटलं, दाजींच्या माघारी काम उरकून दाखवू, शाबासकी मिळेल. घरी मोरी बांधून उरलेलं सिमेंट होतं. भर दुपारी दोन फेऱ्या करून मोटारसायकलवर आणलं, चुन्यात कालवलं आणि थापलं. वरून नुसत्या चुन्याचा पातळ हात दिला. तुम्ही आलात, बोट फिरवलंत. “लवकर वाळलं बे,” म्हणालात. मी म्हटलं, “ऊन लई होतं, दाजी.”

दुसऱ्या पावसाळ्यात अर्धं शिखर सोलून खाली आलं. कोणाला लागलं नाही ही देवाची कृपा. गाव जमलं. कोणीतरी तुमचं नाव घेऊन म्हणालं, सुग्रीवनं सिमेंट घातलं असणार. तेव्हा तुम्ही बिरोबासमोरचा भंडारा मुठीत उचललात. सगळ्या गावासमोर म्हणालात, “माझ्या चुन्यात चिमूटभर शिमिट असंल तर हे हात झडू दी.” अर्जुनरावांनी पडलेला एक तुकडा दगडावर आपटला. आतून निळसर राखाडी निघाला, सिमेंटचा.

तुम्ही त्या तुकड्याकडं बघितलंत आणि मग एकदाच माझ्याकडं. कालवायला आपण दोघंच होतो, तुम्हाला तिथंच कळलं. माझं नाव घ्यायला एक शब्द पुरला असता. अक्का माझ्या शेजारी उभी होती, म्हणून तुम्ही तो उच्चारला नाहीत. मूठ उघडून भंडारा परत ताटात ठेवलात आणि घरी गेलात. आणि मी गप्प राहिलो. तेव्हापासून गाव तुम्हाला खोटा भंडारा उचलणारा म्हणतं. तुम्ही देवळाची पायरी चढला नाहीत, कपाळाला भंडारा लावला नाहीत, चुन्याला हात लावला नाहीत. यात्रेत सगळी वाडी पिवळी होते आणि तुम्ही माळावर मेंढरं घेऊन बसता. मला लाज वाटते, दाजी. पुण्यात वाटायची, इथं जास्त वाटते, कारण इथं रोज सकाळी एक म्हातारा माझ्याशेजारी बसून स्वतःची चूक ठोकून काढतो आणि दुपारी पोटभर जेवतो. मला सहा वर्षं घास गोड लागलेला नाही.

शेवटचं पान वेगळं आहे. ते गावासाठी, रोहिणीला ते बीडहून कागदावर छापून आणायला सांगितलंय. पाडव्यानंतरच्या रविवारी यात्रा आहे, तेव्हा अर्जुनरावांनी ते देवळासमोर मोठ्यानं वाचावं. त्यात एवढंच आहे: सिमेंट लखननं घातलं. सुग्रीवला माहीत नव्हतं. त्यांचा भंडारा खरा होता.

लखन


८ मार्च, रविवार

दाजी,

रोहिणीनं सगळं कळवलं. पत्र वाचून झाल्यावर तुम्ही तिच्या हातातून गावासाठीचं पान घेतलंत, घडी घातलीत, बंडीच्या खिशात टाकलंत आणि तिला म्हणालात, “कागदानं भंडारा उतरत न्हाई.”

एवढंच. मला निरोप असा काही नाही.

मी दोन दिवस विचार करत हिंडलो. समुद्रात लाकडी खांबांवर उभी केलेली घरं आहेत इथं, तिथल्या फळ्यांवरून शेवटापर्यंत गेलो. खाली पाणी, वर माणसं भांडी घासतायत, दारात देव. परत आलो आणि काकांना सगळं सांगितलं, मोबाईल लावून. भंडारा म्हणजे काय हे मोबाईलला सांगता येईना, तो सारखा स्वयंपाकाची हळद म्हणत होता. पण काकांना कळलं. ते म्हणाले, “मी फक्त एका बाईसमोर बोललो होतो. तुझ्यापुढं गाव आहे. जा.”

साहेबांकडून दहा दिवसांची सुट्टी घेतली. तिसरा नमुना तडकलेला नाही. मी नसताना त्यावरची पोती ओली ठेवायचं काकांनी कबूल केलंय.

अक्का, मी वीस तारखेला येतो. दाजींनी ओसरीत घेतलं नाही तर देवळात निजेन.

लखन


२४ मार्च, मंगळवार
बिरोबाची वाडी, तालुका बीड

ओंग काका, रामराम.

हे पान मोबाईलला दाखवा, तो वाचून दाखवेल.

तुमच्या गावासारखं इथं काही नाही. माळ आहे, बाभळी आहेत, दगडाची घरं आहेत. घरापुढं ओसऱ्या आहेत, पण त्यातून कोणी कोणाला जाऊ देत नाही. देऊळ लहान. त्याचं शिखर सहा वर्षं अर्धं सोललेलं उभं आहे, कारण त्याला हात लावायला कोणी तयार नाही. यात्रेत लोक मूठमूठ हळद उधळतात, हाच तो भंडारा. माणसं, मेंढरं, ढोल, सगळं पिवळं होतं. ज्वारीची भाकरी आणि मटणाचा लाल रस्सा असतो. तुम्ही असता तर तिसरी वाटी मागितली असती.

रविवारी दाजी नेहमीसारखे पहाटेच मेंढरं घेऊन माळावर गेले होते. मी आल्यापासून माझ्याकडं बघितलंही नव्हतं, पण अक्कानं मला ताट वाढलं तेव्हा नको म्हणाले नाहीत. ढोल थांबल्यावर मी पायऱ्या चढलो आणि भंडारा मुठीत घेतला. तुमच्यासारखं हसून मला काही सांगता आलं नाही. ओरडल्यासारखाच आवाज निघाला.

“शिमिट म्या घातलतं. दाजी गावात नव्हते. त्यांना ठावं नव्हतं. त्यांचा भंडारा खरा हुता.”

मग अर्जुनराव म्हणाले, “आरं, मग सहा वर्सं कावून गप बसलास?”

“भ्यालो,” मी म्हटलं.

आमच्या गावची भिवराबाई, तुमच्याच वयाची, काठी टेकत पुढं आली आणि माझ्या पाठीत एक रट्टा घातला. “देवासारख्या माणसाला खोटं पाडलंस, मुडद्या! त्या सुग्रीवच्या दारावरनं जाताना आमी तोंड फिरवायचो.” आणि तीच रडायला लागली. बायका रडल्या, अक्का रडली, मी तर आधीपासूनच रडत होतो.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. दाजी आले होते. कधी आले कोणास ठाऊक, मेंढरं कोणाच्या हवाली केली तेही माहीत नाही. चप्पल काढली, सहा वर्षांनी पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढले. माझी मूठ अजून मिटलेलीच होती. त्यांनी ती धरली, एकेक बोट उघडलं, त्यातला भंडारा घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. ढोलवाल्यांनी कोणी न सांगता ढोल घेतला.

माझी शिक्षा तिथंच ठरली. तिथलं काम संपवून आलो की शिखर मी पुन्हा करायचं, दाजींच्या हाताखाली. अर्जुनराव तारीख विचारायला लागले, तर भिवराबाईनं त्यांच्याकडंही काठी रोखली.

संध्याकाळी आम्ही घरी निघालो. दाजी पुढं, खांद्यावर काठी, मी दहा पावलं मागं. दाजी अजून माझ्याशी बोलले नव्हते. ओढ्यापाशी ते थांबले. मला वाटलं, आता काठी बसते. मागं वळून न बघता म्हणाले,

“त्या गूळपाण्यात हिरव्या शेवया असत्यात म्हनलास. त्या कशाच्या बे?”

दुसऱ्या पत्रातली गोष्ट, काका. जानेवारीतली.

मी म्हटलं, “ठावं न्हाई, दाजी.”

“इचारलं न्हाईस?”

“न्हाई.”

“मग इचार की.”

तर काका, तेवढं कळवा. दाजी इथंच ओसरीत दोरी वळत बसलेत. तुमचं उत्तर आलं की मोबाईलचा आवाज मोठा करून ठेवतो.

तुमचा,
लखन